मूल झोपल्यावर त्याच्या भाषेचे काय होते?

पाच वर्षांची दोन मुले डोळ्यांसमोर आणू. पहिल्या मुलाला बोलायलाच उशीर झाला. दोन वर्षांचा होईपर्यंत त्याच्याकडे जेमतेम दहा-बारा शब्द होते, तिसऱ्या वर्षी तो दोन शब्द जोडू लागला आणि आता मोठ्या शिशुगटात गेल्यावरही 'आईने पोळी केली' असे म्हणण्याऐवजी 'आई पोळी केला' असे म्हणतो. त्याला ऐकू नीट येते, खेळाचे नियम समजतात, ठोकळ्यांचे घर तो इतरांपेक्षा झटपट बांधतो. पण गोष्ट सांगायला बसवले की त्याला शब्द सापडत नाहीत. दुसरी मुलगी चार वर्षांची होईपर्यंत अखंड बोलणारी, बडबडगीते तोंडपाठ असलेली. गेल्या काही महिन्यांत मात्र हाक मारली तरी ती वळून पाहीनाशी झाली आहे, 'पाणी आण' म्हटले तर नुसती तोंडाकडे बघत राहते, आणि तिच्या स्वतःच्या बोलण्यातूनही एकेक शब्द गळत चालला आहे. कानांची तपासणी केली तर कान उत्तम.

या दोन्ही मुलांच्या आईवडिलांना कधी ना कधी, कुणाकडून तरी एकच सल्ला मिळतो: 'एकदा झोपेतला ईईजी काढून घ्या.' ईईजी म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून काढलेला मेंदूच्या विद्युत् हालचालींचा आलेख. सल्ल्याचे शब्द तेच असले तरी दोन घरांसाठी त्याचे वजन अगदी वेगळे आहे. दुसऱ्या मुलीसाठी ही तपासणी तातडीची आहे आणि ती लांबवण्यात खरे नुकसान आहे. पहिल्या मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा तिची गरज नसते, आणि केलीच तर तिच्यात दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ फार जपून लावावा लागतो. हा फरक समजण्यासाठी झोपेत मेंदू काय करतो, भाषा शिकण्याशी त्याचा काय संबंध आहे आणि त्या कामात अडथळा कसा येतो, हे क्रमाने पाहावे लागेल.

आधी पहिल्या मुलाच्या अडचणीला नाव देऊ. तिला विकासात्मक भाषा विकार म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून थेरपिस्ट तिला 'डीएलडी' म्हणतात. हे नाव तुलनेने नवे आहे. पूर्वी यासाठी अनेक नावे वापरात होती आणि एकाच मुलाला तीन ठिकाणी तीन निदाने मिळत. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने इंग्रजी भाषक देशांतील अनेक तज्ज्ञांनी २०१६ आणि २०१७ मध्ये एकत्र विचार करून हे एक नाव आणि त्याचे निकष मान्य केले. मुलाला भाषा समजण्यात किंवा वापरण्यात टिकून राहणारी अडचण आहे, ती त्याच्या रोजच्या व्यवहारात आणि शिकण्यात आड येते, आणि तिच्यामागे बहिरेपणा, मेंदूला झालेली इजा, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता असे दुसरे ज्ञात कारण नाही, तर त्या अडचणीला हे नाव द्यायचे. इंग्लंडमधील सरे परगण्यात चार-पाच वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा हे प्रमाण सुमारे साडेसात टक्के निघाले. तीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुले असू शकतात, म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट अजिबात नाही. पण असे मूल हसते-खेळते असल्यामुळे 'बोलेल हळूहळू', 'याचे वडीलही उशिराच बोलले' एवढ्यावर विषय मिटतो. वडील उशिरा बोलले ही माहिती खरे तर महत्त्वाची आहे, कारण या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. ती ऐकून निश्चिंत होण्यापेक्षा अधिक लक्ष द्यायला हवे.

याच तज्ज्ञांनी एक अपवादही नोंदवला आहे. मुलाला आधी आलेली भाषा मेंदूतल्या अपस्माराच्या, म्हणजे फीट किंवा आकडी येण्याच्या आजाराच्या, लहरींमुळे हरवत असेल, तर ते डीएलडी नव्हे. तो वेगळा आजार आहे आणि त्याचा मार्गही वेगळा आहे. आपली दुसरी मुलगी या अपवादात बसण्याची शक्यता आहे.

आता झोपेकडे वळू. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युत् हालचालींचा आलेख, म्हणजेच ईईजी, काढण्याची पद्धत जर्मनीतील येना शहरातले मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर यांनी शोधली. माणसाच्या डोक्यावरची पहिली नोंद त्यांनी १९२४ मध्ये घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. या आलेखामुळे पहिल्यांदाच स्पष्ट झाले की झोपलेला मेंदू बंद पडलेला नसतो. जागेपणी आलेखात लहान, वेगवान, विस्कळीत लाटा दिसतात, कारण मेंदूतले पेशीसमूह आपापली वेगवेगळी कामे करत असतात. गाढ झोपेत मात्र कोट्यवधी पेशी एका ठेक्यात येतात: सगळ्या एकदम गप्प, मग सगळ्या एकदम जाग्या. त्यामुळे आलेखावर सेकंदाला एखाद-दुसरी, उंचच उंच अशी संथ लाट उमटते. या संथ लाटांच्या जोडीला अर्धा ते दोन सेकंद टिकणारे, सेकंदाला साधारण अकरा ते सोळा आवर्तनांचे छोटे झुबके दिसतात. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा त्यांचा आकार सूतकताईच्या चातीसारखा असतो, म्हणून त्यांना स्पिंडल म्हणतात. हे स्पिंडल मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमध्ये जन्म घेतात आणि बाहेरच्या मेंदूपर्यंत, म्हणजे कॉर्टेक्सपर्यंत, पोचतात. झोपेचा आणखी एक प्रकार म्हणजे डोळे वेगाने हलणारी, स्वप्नांची झोप. शिकागोत काम करणाऱ्या युजीन ॲसेरिन्स्की यांनी आपल्याच आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ इलेक्ट्रोड लावून रात्री काढल्या आणि त्यातून १९५३ चा तो गाजलेला शोध पुढे आला.

लहान मुलांच्या संथ लाटा मोठ्यांच्या मानाने फार उंच असतात, आणि किशोरवयात त्यांची उंची झपाट्याने कमी होते. आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ज्यूरिक येथील संशोधकांनी वेगवेगळ्या वयांच्या मुलांच्या झोपेचे नकाशे काढले, तेव्हा असे दिसले की लहान वयात सर्वांत जोरदार संथ लाटा डोक्याच्या मागच्या भागात, म्हणजे पाहण्याशी संबंधित भागात असतात, आणि वय वाढते तशी ही जागा पुढे सरकत सरकत किशोरवयात कपाळामागच्या भागात येते. मेंदूचे भाग ज्या क्रमाने परिपक्व होतात, साधारण त्याच क्रमाने हे सरकणे होते. ज्या भागात घडण चालू आहे, तिथे झोपही जास्त खोल असते, असे म्हणता येईल.

पण या लाटांचा भाषेशी संबंध काय? मूल दिवसभरात नवे शब्द ऐकते. प्रत्येक नव्या शब्दाची पहिली, घाईघाईने घेतलेली नोंद हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या मदतीने होते. ही नोंद कच्ची असते. ती पक्की होण्यासाठी नवा शब्द कॉर्टेक्समधल्या जुन्या शब्दांच्या जाळ्यात गुंफला जावा लागतो, आणि हे काम मोठ्या प्रमाणात झोपेत होते. संथ लाट वर चढते, तिच्यावर स्पिंडल स्वार होते, त्याच क्षणी हिप्पोकॅम्पस दिवसातली नोंद पुन्हा वाजवते, आणि ही तिन्ही कामे एका तालात झाली की नोंद कॉर्टेक्सकडे सोपवली जाते, असे आजचे चित्र आहे.

मुलांवरचे प्रयोग या चित्राला पुष्टी देतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात सात ते बारा वर्षांच्या मुलांना ओळखीच्या शब्दांशी मिळतेजुळते, पण बनावट शब्द शिकवले होते. आपल्याकडे असा प्रयोग करायचा झाला तर 'खिडकी'शी मिळताजुळता 'खिडकू' असा शब्द घेता येईल. काही मुलांना हे शब्द सकाळी शिकवले आणि काहींना संध्याकाळी, म्हणजे पहिल्या गटाला बारा तासांनी तपासताना मध्ये जागेपणाचा दिवस गेलेला असे आणि दुसऱ्या गटाची मध्ये झोप झालेली असे. झोप झालेल्या मुलांना शब्द अधिक आठवले, शिवाय एक वेगळा परिणाम दिसला: नवा शब्द आता जुन्या शब्दाशी स्पर्धा करू लागला, जुना शब्द ओळखायला मुलांना किंचित जास्त वेळ लागू लागला. हा उशीर चांगला आहे, कारण नवा शब्द पाहुणा न राहता घरचा झाल्याची ती खूण आहे. दिवसभर जागे राहिलेल्या मुलांमध्ये ही खूण त्यांची पुढची झोप झाल्यावर उमटली.

याहून लहान वयातले प्रयोग व्याकरणापर्यंत जातात. २००६ मध्ये ॲरिझोनातील संशोधकांनी पंधरा महिन्यांच्या बाळांना एका कृत्रिम भाषेतल्या शब्दमालिका ऐकवल्या. त्यांत पहिल्या आणि शेवटच्या शब्दाचे नाते ठरलेले होते. ऐकल्यानंतर ज्या बाळांची डुलकी झाली नाही त्यांना नेमक्या त्याच मालिका लक्षात राहिल्या. ज्यांची डुलकी झाली त्यांना त्या मालिकांमागचा नियम उमगला आणि नव्या मालिकेतही तो ओळखता आला. लायप्झिगमधील संशोधकांनी २०१५ मध्ये नऊ ते सोळा महिन्यांच्या बाळांना वस्तूंची नवी नावे शिकवली, तेव्हा झोपलेल्या बाळांनी ते नाव त्याच प्रकारच्या, पण पूर्वी न पाहिलेल्या वस्तूलाही लावले, आणि या क्षमतेचा स्पिंडलशी संबंध आढळला.

मराठी शिकणाऱ्या मुलाचे काम पाहिले की या निष्कर्षांचे महत्त्व अधिक जाणवते. 'मुलगा आंबा खातो', 'मुलगी आंबा खाते' इथे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते. वाक्य भूतकाळात गेले की 'मुलाने आंबा खाल्ला', 'मुलाने पोळी खाल्ली', 'मुलाने केळे खाल्ले' असे क्रियापद एकदम कर्माच्या बाजूला जाते, कर्त्याला 'ने' लागतो, आणि तीन लिंगांचा हिशेब सांभाळावा लागतो. हा नियम चार वर्षांच्या मुलाला कुणी सांगत नाही. तो हजारो वाक्यांतून त्याचे त्यालाच गाळून काढावा लागतो. एकेक वाक्य लक्षात ठेवणे वेगळे आणि वाक्यांमागचा साचा हाती लागणे वेगळे. दुसऱ्या कामात झोपेची मदत होते, असे बाळांवरचे प्रयोग सुचवतात. 'आई पोळी केला' म्हणणाऱ्या मुलाकडे शब्द आहेत, साचा मात्र पुरता हाती आलेला नाही.

मग डीएलडी असलेल्या मुलांमध्ये झोपेतले हे पक्के करण्याचे कामच कमी पडते का? असे सुचवणारे काही पुरावे आहेत. भाषा विकार असलेल्या प्रौढांना नवे ध्वनी शिकवले असता ते शिकताना इतरांच्या बरोबरीने शिकले, पण रात्रीनंतर इतरांचे कौशल्य जसे पक्के झाले तसे यांचे झाले नाही, असे एका अमेरिकी अभ्यासात दिसले. दुसरीकडे, अनेक मुलांमध्ये अडचण शिकण्याच्या पहिल्या क्षणीच असते. नोंदच अर्धवट झालेली असेल तर रात्री पक्के करायला फारसे उरत नाही. या मुलांच्या संथ लाटा आणि स्पिंडल थेट मोजणारे अभ्यास थोडे आहेत आणि त्यांतल्या मुलांची संख्या लहान आहे. म्हणून 'झोप कमी म्हणून भाषा कच्ची' असे समीकरण कुणी मांडले तर ते मानू नये. आईवडिलांनी झोपेकडे दुर्लक्ष केल्यामुळे मुलाला डीएलडी झाला, असे म्हणायला कोणताही आधार नाही.

आता झोपेतल्या आलेखावर दिसणाऱ्या त्या दुसऱ्या गोष्टीकडे येऊ, जिच्यामुळे घरात सगळ्यात जास्त भीती पसरते. तिला स्पाइक म्हणतात. आलेखाच्या संथ रेषेतून मध्येच एखादा टोकदार सुळका वर येतो आणि त्याच्यामागून बहुधा एक रुंद लाट येते. सुळका म्हणजे पेशींच्या एका गटाने एकाच क्षणी, नको इतक्या जोराने दिलेला संदेश. मागची लाट म्हणजे त्यानंतर त्या गटाला आलेली क्षणिक सुन्नता. आकडी येणाऱ्या रुग्णांच्या आलेखात असे सुळके दिसतात, म्हणून त्यांना अपस्मारसदृश लहरी म्हणतात. पण सुळके दिसणे म्हणजे फीट येणे नव्हे. इटलीत १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सहा ते तेरा वर्षांच्या ३,७२६ निरोगी शाळकरी मुलांचे आलेख काढले होते. त्यांतल्या १३१ मुलांमध्ये, म्हणजे साडेतीन टक्क्यांमध्ये, असे सुळके निघाले. ही मुले आजारी नव्हती.

हे सुळके झोपेत वाढतात, त्यालाही कारण आहे. थॅलॅमस आणि कॉर्टेक्स यांच्यातली जी वर्तुळे झोपेत एका ठेक्यात येऊन स्पिंडल आणि संथ लाटा घडवतात, त्याच वर्तुळांवर सुळकेही स्वार होतात. जागेपणी आलेख अगदी स्वच्छ असलेल्या मुलाचा झोपेतला आलेख सुळक्यांनी भरलेला असू शकतो. म्हणूनच भाषेसाठी आलेख काढायचा असेल, तर जागेपणीचा अर्ध्या तासाचा आलेख पुरत नाही.

भाषा विकार असलेल्या मुलांचे झोपेतले आलेख अनेक देशांत तपासले गेले आहेत. प्रत्येक अभ्यासात टक्केवारी वेगळी निघाली, कारण कुणी कोणती मुले निवडली, किती तास झोप नोंदवली आणि सुळके कशाला म्हणायचे यात फरक होता. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा दिसली: कधीही फीट न आलेल्या, पण भाषा विकार असलेल्या मुलांमध्ये सुळके इतर मुलांपेक्षा अधिक वेळा सापडतात. यातून सुळक्यांमुळेच भाषा अडते असा अर्थ काढण्याचा मोह होतो, पण तो घाईचा आहे. कदाचित सुळके आणि भाषेची अडचण ही दोन्ही एकाच मुळाची फळे असतील. या शक्यतेला २०१३ मध्ये मोठा आधार मिळाला. ग्रिन-टू-ए नावाच्या एका जनुकातले बदल अपस्मार आणि वाचाभाषेच्या अडचणी एकत्र असलेल्या अनेक कुटुंबांत सापडल्याचे संशोधकांच्या तीन गटांनी एकाच वेळी जाहीर केले. पेशींच्या जोडणीवरच्या, शिकण्यासाठी अत्यावश्यक असलेल्या एका ग्राहक रेणूचा भाग हे जनुक घडवते. तो भाग बिघडला तर पेशी नको तेव्हा पेटूही शकतात आणि शिकताना अडखळूही शकतात; यातले एक दुसऱ्याचे कारण असायलाच हवे असे नाही.

म्हणून, ज्या मुलाची भाषा सुरुवातीपासून संथ गतीने पण पुढेच जात आहे, ज्याला फीट येत नाही, आणि ज्याच्या झोपेतल्या आलेखावर अधूनमधून काही सुळके दिसतात, त्याला केवळ त्या कागदासाठी अपस्माराची औषधे सुरू करण्याला पुरेसा आधार नाही. उपचार मुलाचे करायचे असतात, आलेखाचे नव्हे, असे मेंदूविकारतज्ज्ञ आपल्या विद्यार्थ्यांना शिकवतात, ते अशाच वेळेसाठी. या मुलाचा खरा उपचार भाषेचा आहे: नियमित स्पीच थेरपी, घरात सावकाश, सोप्या, पूर्ण वाक्यांत बोलणे, आणि शाळेने त्याला दिलेला जास्तीचा वेळ.

सुळक्यांचे प्रमाण आणि जागा बदलली की गोष्ट हळूहळू गंभीर होत जाते. मधल्या पायरीवर रोलँडिक अपस्मार आहे, मुलांमधल्या अपस्माराचा एक नेहमी दिसणारा प्रकार. यात बहुधा झोप लागताना किंवा पहाटे उठण्याच्या सुमारास तोंडाची एक बाजू थरथरते, लाळ गळते, मुलाला सगळे समजत असते पण काही क्षण बोलता येत नाही. किशोरवयात तो बहुतेकांचा आपोआप थांबतो. पूर्वी त्याला अगदी निरुपद्रवी मानत. पुढे या मुलांपैकी काहींना वाचनात आणि भाषेत सौम्य अडचणी असतात हे लक्षात आले. अमेरिकेतील एका गटाने २०२१ मध्ये दाखवले की या मुलांच्या मेंदूत जिथे सुळके आहेत त्याच भागात स्पिंडल कमी होतात, आणि स्पिंडलची ही कमतरता मुलांच्या आकलनाच्या अडचणींशी सुळक्यांच्या संख्येपेक्षाही चांगली जुळते. रात्रीच्या शिकण्याला लागणाऱ्या वर्तुळांवर सुळक्यांनी अतिक्रमण केले, असे याचे चित्र रंगवता येते.

आणि शेवटच्या पायरीवर आपली दुसरी मुलगी आहे. १९५७ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस शहरात मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम लँडाउ आणि मूकबधिरांच्या संस्थेत भाषेचे काम करणारे फ्रँक क्लेफनर यांनी काही मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ही मुले आधी बोलत होती आणि नंतर त्यांची भाषा गेली होती. सोबत आकड्या होत्या किंवा आलेखात अपस्मारसदृश लहरी होत्या. आज या आजाराला लँडाउ-क्लेफनर सिंड्रोम म्हणतात. तो दुर्मीळ आहे. बहुधा तीन ते आठ या वयात तो सुरू होतो आणि आधी समजणे जाते, मग बोलणे. कानात आवाज पोचतो, पण तो शब्द म्हणून ओळखला जात नाही. काही मुलांना दाराची घंटा आणि कुत्र्याचे भुंकणेही ओळखता येईनासे होते. म्हणूनच घरच्यांना वाटते की मूल बहिरे झाले, किंवा हट्टी झाले, किंवा त्याला स्वमग्नता आहे. चिडचिड आणि आदळआपट वाढते, जे स्वाभाविकच आहे. काल समजणारे जग आज अचानक परक्या भाषेत बोलू लागले तर कोणतेही मूल बिथरेल. यातल्या चारपैकी साधारण एका मुलाला फीट कधी येतच नाही, आणि नेमक्या अशा मुलांचे निदान सर्वांत उशिरा होते.

या मुलांच्या झोपेतल्या आलेखावर सुळके-लाटांची जवळपास न तुटणारी रांग दिसते. झोपेतली ही स्थिती १९७१ मध्ये फ्रान्समध्ये सहा मुलांमध्ये प्रथम वर्णन झाली. तेव्हा संथ झोपेचा ८५ टक्के किंवा अधिक वेळ सुळक्यांनी व्यापलेला असावा असा निकष होता. आता कमी प्रमाण असले तरी मुलाची क्षमता घसरत असेल तर तज्ज्ञ ती स्थिती गंभीरच मानतात. नुकसान नेमके कसे होते यावर काम चालू आहे, पण ज्यूरिकमधल्याच डॉक्टरांची एक नोंद मला सर्वांत पटते. दिवसभर शिकताना पेशींच्या जोडण्या घट्ट होत जातात, आणि रात्री संथ लाटा त्या एकंदरीत थोड्या सैल करून दुसऱ्या दिवशीच्या शिकण्यासाठी जागा करतात, अशी एक उपपत्ती जुलिओ तोनोनी आणि किआरा चिरेली यांनी मांडली आहे. निरोगी मुलांच्या संथ लाटांचा चढ रात्र सरत जाते तसा मंदावतो, आणि ती त्या सैल होण्याची खूण मानतात. झोपेत अखंड सुळके असलेल्या मुलांमध्ये हा चढ पहाटेपर्यंत तसाच राहतो, असे २०११ मध्ये दिसले. पाटी रात्रभर पुसलीच गेली नाही तर सकाळी तिच्यावर नवे काय लिहिणार? आणि सुळक्यांची जागा ऐकलेल्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या भागाच्या आसपास असेल, तर जाते ती भाषाच.

या मुलांसाठी औषधे आहेत. स्टेरॉइड आणि क्लोबाझॅमसारखी बेंझोडायझेपीन गटातली औषधे अधिक वापरली जातात. त्यांतले कोणते सरस हे ठरवण्यासाठी युरोपातील अनेक केंद्रांनी मिळून एक चाचणी केली, पण आजार इतका दुर्मीळ की ४५ मुले मिळेपर्यंतच ती थांबवावी लागली आणि निर्णायक उत्तर हाती आले नाही. एक सावधगिरी मात्र सगळ्यांना मान्य आहे: कार्बामाझेपीनसारखी आकडीवरची काही नेहमीची औषधे काही मुलांमध्ये झोपेतले सुळके उलट वाढवतात. त्यामुळे जवळच्या दुसऱ्या मुलाला लागू पडलेले औषध या मुलाला परस्पर देऊ नये. मुलांच्या मेंदूविकारांचे तज्ज्ञ गाठावेत.

तपासणीविषयी थोडे व्यवहाराचे. ईईजीमध्ये मेंदूत वीज सोडत नाहीत, शॉक देत नाहीत, दुखतही नाही. मेंदूतली वीज केवळ टिपली जाते. आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवावेत आणि तेल लावू नये, नाहीतर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. मुलाला आदल्या रात्री उशिरा झोपवून पहाटे लवकर उठवायला सांगतात, म्हणजे तपासणीच्या वेळी स्वाभाविक झोप लागते. रिक्षात किंवा बसमध्ये वाटेतच डोळा लागू देऊ नये, यासाठी सोबत दोन मोठी माणसे असलेली बरी. झोप लागलीच नाही तर डॉक्टर सौम्य औषध देतात. अहवाल हाती आल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा: आलेखात गाढ झोप आली होती का? केवळ पेंग आलेल्या दहा मिनिटांवरून सगळे ठीक असल्याचा निष्कर्ष अपुरा असतो.

ही तपासणी कुणी करून घ्यावी? ज्या मुलाचे आलेले शब्द जात आहेत, ज्याचे समजणे घसरले आहे, ज्याला झोपेत विचित्र झटके येतात, किंवा ज्याची प्रगती महिनोन्‌महिने वर-खाली होत राहते, त्याने. दीड-दोन वर्षांच्या सुमारास शब्द गेले असतील तर बहुधा स्वमग्नतेचा विचार आधी होतो, पण तो निर्णय डॉक्टरांवर सोडावा. ऐकण्याची तपासणी मात्र दोन्ही प्रकारच्या मुलांची सर्वांत आधी झाली पाहिजे. महाराष्ट्रात यासाठी वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारखी जागा आहे, आणि २०१३ मध्ये पालघरपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत येणारे पथक भाषेतला उशीरही तपासते व मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते. अंगणवाडीच्या ताईंना 'याचं बोलणं मागे पडलंय' एवढे स्पष्ट सांगितले तरी पहिले पाऊल पडते.

झोपेची निगा दोन्ही मुलांना लागते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून दहा ते तेरा तास, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर वाढलेल्या ॲडिनॉइड ग्रंथींमुळे त्याची झोप रात्रभर तुटत असण्याची शक्यता असते. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, शिवाय याच ग्रंथींमुळे कानात पाणी साठून ऐकणेही मंद होते. नवे शब्द, गोष्ट, गाणे यांना संध्याकाळनंतरची वेळ द्यावी आणि तेच पुस्तक मुलाने दहाव्यांदा मागितले तरी वाचावे. डीएलडी यामुळे बरा होणार नाही, पण शिकलेले टिकायला याची मदत होऊ शकते.

लँडाउ-क्लेफनर असलेल्या मुलांचे सुळके किशोरवयापर्यंत बहुधा विरून जातात. भाषा मात्र प्रत्येकाची परत येत नाही. काहींची पूर्ण येते, काहींची अर्धी, आणि झोपेतले सुळके जितका अधिक काळ चालू राहिले तितकी परतीची शक्यता कमी होते. या मधल्या काळात मूल भाषेविना राहता कामा नये. त्याचा कानावाटे येणारा रस्ता बंद असतो, डोळ्यांचा नसतो. हाताच्या खुणांची भाषा, चित्रे, आणि वय असेल तर लिहिलेली अक्षरे त्याला समजतात, आणि खुणांची भाषा शिकल्याने बोलणे परत यायला अडथळा होत नाही, हे अशा मुलांच्या अनुभवातून दिसले आहे. आपल्याकडे 'खुणा शिकवल्या तर मूल बोलायचंच नाही' या भीतीने तो मार्ग पुष्कळदा अडवला जातो. ज्या मुलीला 'पाणी' हा शब्द ऐकून समजत नाही, तिला पेल्याचे चित्र दाखवून किंवा ओठांशी अंगठा नेऊन पाणी मागता येते, आणि ते तिला औषध लागू पडण्याची वाट न पाहता, आजच शिकवता येते.